फोटो छान आला, पण कामाला आला का? खान्देशातलं निसर्ग छायाचित्रण आणि संवर्धन

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

तापीवरच्या हतनूर धरणावर बदकं उतरली की जळगाव-भुसावळकडच्या लांब लेन्सा कपाटातून बाहेर येतात. होळीपर्यंत ढिगाने फोटो निघतात, ग्रुपवर अंगठे उमटतात आणि विषय संपतो. त्यातले बहुतेक फोटो वनखात्याला, ग्रामसभेला किंवा पक्षी मोजणाऱ्याला वापरताच येत नाहीत. फोटो धूसर असतो म्हणून नाही. तो कुठला, कधीचा, कुठे तोंड करून काढला याचा ठावठिकाणा नसतो म्हणून.

ठावठिकाण्याची किंमत आपल्या वनपिंगळ्याला, म्हणजे खान्देशातल्या त्या दुर्मीळ छोट्या घुबडाला विचारा. १८८४ नंतर हा पक्षी कुणालाही खात्रीने मिळाला नव्हता. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवीला मारला म्हणून सांगितलेला एक नमुना तेवढा होता आणि शोधणाऱ्यांची दिशाभूल त्याला बांधलेल्या ठिकाणाच्या चिठ्ठीने केली. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी तो तपासला तेव्हा कळलं की जेम्स डेव्हिडसन यांनी १८८०च्या दशकात खान्देशात मिळवलेला पक्षी संग्रहालयातून चोरून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधली होती. ती बाजूला सारून जुन्या खऱ्या नोंदींच्या मुलखात शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ वनपिंगळा समोर बसलेला सापडला. पक्षी घरातच होता, पत्ता चुकीचा होता.

तेव्हा प्रत्येकाने आपापल्या विषयातलं नेमकं लिहावं ही विनंती. सुरुवात कॅमेऱ्याच्या घड्याळापासून करतो.

कॅमेऱ्याचं घड्याळ काही महिन्यांत दोन-चार मिनिटं सरकतं, आणि बॅटरी बरेच दिवस काढून ठेवली तर तारीखच पुसली जाते. सोपा उपाय असा: बाहेर पडल्यावर पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा काढायचा, सेकंद दिसतील असा. घरी आल्यावर फरक मोजायचा आणि डार्कटेबल किंवा एक्झिफटूल या संगणकावरच्या प्रोग्रामांत त्या दिवसाच्या सगळ्या फाइलींची वेळ एकदम सरकवायची. हे काम फाइलींच्या प्रतीवर करायचं, मूळ फाइलींना हात लावायचा नाही. जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्यासाठी त्याच जागेवरून मोबाइलनेही एक फोटो घ्यायचा, लोकेशन चालू ठेवून. मोबाइल खिशातून काढल्या काढल्या पडणारा बिंदू भरवशाचा नसतो. सागाच्या दाट पानाखाली किंवा घाटाच्या खोबणीत तर तो बराच दूर पडतो. अर्धा-एक मिनिट स्थिर उभं राहावं, मग फोटो.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की आकार आक्रसतो आणि आतली तारीख-ठिकाणाची माहिती गळून जाते. कामाचा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. नकाशाचा शिक्का छापणारी ॲप्स ग्रामपंचायतीला आवडतात, वापरा, पण त्याच्या भरवशावर मूळ फाइल पुसू नका. शिक्का कुणालाही बदलता येतो.

वाघूरकाठची

तात्या, घड्याळाचं एकदम पटलं. मी ‘तोच फोटो पुन्हा पुन्हा’ या पद्धतीविषयी लिहिते, कारण संवर्धनात सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कंटाळवाणा फोटो हाच. चराईबंदी केलेलं कुरण, नवे समतल चर, गावतळं, नदीचं पात्र, काहीही असो. तीच जागा, तीच दिशा, तीच लेन्स, तोच महिना.

जागा पक्क्या वस्तूला टेकून निवडा: देवळाच्या चौथऱ्याचा कोपरा, पुलाचा कठडा, मोजणीचा दगड. चुन्याची खूण एका पावसात जाते. झाडावर मारलेला रंग सालीबरोबर सुटतो, आणि झाडच तुटलं तर खूणही गेली. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर, तेवढीच काठी कायम वापरा. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर अंशांत लिहा, पण लोखंडी कठडा किंवा मोटारसायकलपासून चार-पाच पावलं लांब उभं राहून. फोनच्या कव्हरला लोहचुंबकाची टिचकी असेल तर कव्हर काढून. शक्यतो उत्तरेकडे तोंड असलेली चौकट निवडा, आपल्याकडे वर्षाचा बहुतेक काळ सूर्य पाठीशी राहतो.

मोबाइल असेल तर १एक्सच. ०.५एक्सची रुंद लेन्स कडा ताणते आणि प्रत्येक कंपनीची वेगळी ताणते. फोन बदलला तर एका दिवशी जुन्या आणि नव्या दोन्ही फोनने सगळे बिंदू घेऊन ठेवायचे. हे राहिलं की मागच्या चार वर्षांची मालिका पुढच्या वर्षांशी जुळवताना डोकं धरून बसावं लागतं.

मापासाठी पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा एक मीटरचा तुकडा, दर दहा सेंटिमीटरला लाल-पांढरा पट्टा. कॅमेऱ्यापासून दोरीने मोजून दहा मीटरवर रोवायचा. गवताची उंची, चरातला गाळ, पाण्याची कड, सगळं त्या पाइपवर वाचता येतं.

आता सगळ्यात मोठी चूक. मे महिन्यातला उजाड डोंगर आणि ऑगस्टमधला हिरवा डोंगर शेजारी लावून ‘आमच्या श्रमदानाने झालेला बदल’ म्हणायचं. सातपुड्यातला साग फेब्रुवारी-मार्चपासून निष्पर्ण असतो, त्याला पावसात पानं फुटणारच. हा बदल वरुणराजाचा. तुलना मेची मेशी आणि सप्टेंबरची सप्टेंबरशी. वर्षाला तीन फेऱ्या पुरतात: मेअखेर पाण्याचा तळ दिसतो, सप्टेंबरअखेर कापणीआधीचं गवत, जानेवारीत पाणथळ जागा. त्या वर्षीचा पाऊस शेजारी लिहा, नाहीतर ओल्या वर्षाचं श्रेय चरांना जातं.

सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी, दहा मीटरचा एक ठिपका. पावसाळ्यात ढगांमुळे ती कोरी राहतात, आणि हिरवं दिसतं ते गवत आहे की घाणेरी हे त्यावरून कळत नाही. ते तुमच्या फोटोवरूनच कळतं.

गिरणापात्र

ताईंच्या मुद्द्याला जोडून वाळूचं लिहितो. वाळूउपशाचे फोटो म्हणजे लोकांना ट्रॅक्टर आणि जेसीबी आठवतो. तो फोटो काढायला जाऊच नका. रात्री, एकट्याने तर मुळीच नाही. आणि एका ट्रॅक्टरच्या फोटोने फार तर एका ट्रॅक्टरचा दंड होतो.

पात्र किती खोल गेलं हे दाखवणारा फोटो दिवसाढवळ्या, सार्वजनिक पुलावरून, निवांत काढता येतो. पुलाचा खांब हीच तुमची मोजपट्टी. खांबाच्या काँक्रीटवर ओतकामाच्या आडव्या रेषा असतात, त्या मोजा. पावसाळा संपून पाणी ओसरलं की एक फोटो, मे महिन्यात एक, तोच खांब, त्याच कठड्यावरून. वाळूची पातळी कितव्या रेषेवर आहे ते लिहा. पायाचा जो भाग वाळूत गाडलेला असायला हवा तो उघडा पडलेला दिसला, तर तो फोटो महसूल खात्याबरोबर पुलाची देखभाल करणाऱ्या बांधकाम खात्यालाही द्या. नुसत्या वाळूसाठी हलत नाही ते टेबल पुलासाठी हलतं. काठच्या विहिरींची पाणीपातळी त्याच दिवशी मोजून जोडली तर अर्ज आणखी वजनदार होतो.

खबरदारी एकच. नदी स्वतःहूनही वाळू आणते-नेते. मोठ्या पुरानंतर पात्र एका वर्षात वर किंवा खाली जाऊ शकतं. म्हणून दोन फोटोंवर बोंब मारू नका, तीन-चार वर्षांची रांग लावा आणि उपसा होत नाही अशा वरच्या अंगाच्या एका पुलाचीही रांग ठेवा.

प्रकरण कोर्टात जाईल असं वाटलं तर: १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार डिजिटल फोटोबरोबर प्रमाणपत्र लागतं, भाग ‘अ’ फोटो देणाऱ्याचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. त्यात फाइलचा हॅश क्रमांक लिहावा लागतो, म्हणजे फाइलचा अंगठाच. फाइल जराही बदलली की अंगठा बदलतो. गॅलरीत फोटो फिरवून ‘सेव्ह’ केला तरी बदलतो. म्हणून मूळ फाइल कार्डावरून थेट दोन ठिकाणी कॉपी करायची, त्याच दिवशी शा-२५६ हॅश काढून वहीत लिहायचा, आणि उजळ-बिजळ करायचं ते तिसऱ्या प्रतीवर.

नवशिका_चोपडा

माहिती जबरदस्त. पण माझ्याकडे साधा मोबाइल आहे, मोठी लेन्स नाही. पक्ष्यांसाठी काही करता येईल का?

लळिंग

येईल की. भाऊ, वाघूरकाठच्या ताईंचं सगळं काम मोबाइलचंच आहे. पक्ष्यांसाठी ५० ते ६० मिलिमीटर तोंडाची दुर्बीण आणि मोबाइल अडकवायचा चिमटा घ्या. हजार रुपयांच्या आतले चिमटे मिळतात, पण तीन बोटांनी घट्ट होणारा घ्या. नुसत्या स्प्रिंगचा असेल तर फोन खाली घसरतो. दुर्बीण तिपाईवर, फोनचा टायमर दोन सेकंदांवर. ओळखीपुरता फोटो बिनदिक्कत मिळतो.

ओळखीसाठी एक सुंदर फोटो पुरत नाही. समोरून, पाठीवरून, आणि पंख उघडतानाचा असे तीन घ्या. ऑक्टोबरात आलेले बदकांचे नर पुष्कळदा मादीसारख्याच पिसाऱ्यात असतात, तेव्हा पंखावरचा रंगीत पट्टा दिसला तरच सांगता येतं. चिखलपायांचे तर पाय पाण्याबाहेर हवेत, रंग तिथेच कळतो.

आता आपल्याकडची खास कटकट. हतनूर किंवा नकाण्याच्या तलावावर सकाळी नऊनंतर काढलेले लांबचे फोटो मऊ येतात आणि माणूस लेन्सला शिव्या देतो. लेन्स चांगली असते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलते, तिच्यातून प्रकाश वाकडा येतो. त्यावर कॅमेरा महाग घेऊन काही होत नाही, एक्स्टेंडर (लेन्सची पोहोच वाढवणारा जोड) लावला तर थरथर तेवढी मोठी दिसते. लवकर जा, जवळ जाता येईल अशी आडोशाची जागा शोधा, नाहीतर थोडं उंचावरून काढा, कारण थरथर जमिनीलगत जास्त असते. कडाक्याच्या थंडीत पाणी हवेपेक्षा गरम असतं, तेव्हा भल्या पहाटेही हेच होतं. गाडीतून काढत असाल तर इंजिन आणि एसी बंद करून पाच मिनिटं काचा खाली ठेवा, आतली-बाहेरची हवा एक होऊ द्या. बॉनेटवरून तर काढूच नका.

थवा मोजायचा असेल तर मोठा झूम नको. डावीकडून उजवीकडे, प्रत्येक चौकटीत मागच्या चौकटीचा तिसरा हिस्सा येईल अशा बेताने भराभर फोटो घ्या. घरी पडद्यावर चौकोन पाडून मोजा. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून चालू आहे. तिला असे आकडे हवे असतात, आणि आकड्यामागे फोटो असला की कुणी ‘एवढी कुठून आली’ म्हणत नाही. हतनूर, यावल, तोरणमाळ आणि तळोद्याचं जंगल ही महत्त्वाच्या पक्षीक्षेत्रांच्या यादीत आहेत. तिथली एक गणना चुकली की ती पुन्हा भरून काढता येत नाही.

पांझरातीर

सगळं ठीक, पण मला उलटी बाजू मांडायची आहे. खान्देशात फोटोग्राफीने आजवर संवर्धन जास्त केलं की त्रास जास्त दिला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. वनपिंगळ्याचा एक फोटो पडला की खाली पहिली कमेंट ‘लोकेशन?’ आणि पुढच्या रविवारी त्या सागाखाली सहा गाड्या. स्पीकरवर आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढायचं. तो आवाज त्याला आपल्या हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या पिंगळ्याचा वाटतो. शिकार सोडून, ढोलीवरचा पहारा सोडून तो भांडायला येतो. हा पक्षी दिवसा हिंडतो, हिवाळ्यात त्याची वीण चालू असते आणि आपला ‘सीझन’ही तोच.

आणि ठिकाण नुसतं लिहिलं नाही म्हणून लपत नाही. मागे टेकडीची ओळखीची धार असते, मोबाइलचा टॉवर असतो, देवळाचा कळस असतो. गावचा पोरगा दोन मिनिटांत सांगतो.

अजून एक. ‘वनपिंगळा’ म्हणून फिरणाऱ्या फोटोंत साधे पिंगळे पुष्कळ असतात. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात. वनपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, छाती गडद, पोट पांढरं, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. कपाळ आणि शेपटी दोन्ही दिसत नसतील तर नाव टाकू नये.

तापीकाठ

पांझरातीर, आवाज वाजवण्याबद्दल शंभर टक्के. पण ठिकाण सगळ्यांपासूनच लपवलं तर तो ढोलीचा साग पुढच्या तोडीत चिन्हांकित होतो, कारण वनखात्याला माहीतच नसतं. म्हणून दोन पायऱ्या ठेवा. नेमका बिंदू वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि अभ्यासकाला. जगाला फक्त ‘सातपुडा, नंदुरबार जिल्हा’, तेही वीण संपल्यावर. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर संकटग्रस्त जातींचं ठिकाण आपोआप धूसर होतं, सुमारे २२ किलोमीटरच्या चौकोनात कुठेही बिंदू दाखवतात. पण तिथेही वर्णनात गावाचं नाव लिहिलंत किंवा त्याच फेरीतल्या साध्या पक्ष्यांचे बिंदू उघडे ठेवलेत तर धूसर करून उपयोग नाही. दहा मिनिटं आधीच्या बुलबुलावरून पिंगळा सापडतो. संपूर्ण फेरीच धूसर करावी.

फेसबुकसाठी मागची टेकडी कापून घट्ट चौकट करा, आणि फाइल बाहेर देण्याआधी आतलं लोकेशन पुसा. मूळ फाइलमधलं नव्हे, बाहेर द्यायच्या प्रतीतलं.

केळीबाग_रावेर

वाघाबद्दल तर हे दुप्पट लागू. मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र २०१४ मध्ये जाहीर झालं. तिथले वाघ केळीत येतात. नवल नाही, भर उन्हाळ्यात पाणी दिलेली केळीबाग म्हणजे मुलखातली सगळ्यात गार जागा. बागेतल्या वाघाचा व्हिडिओ व्हायरल झाला की मजूर बागेत पाय ठेवत नाहीत, बघे जमतात, घेरलेला वाघ बिथरतो. व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी वनखात्याच्या १९२६ या नंबरवर फोन करा.

शेतकऱ्याच्या कामाचा फोटो ठशाचा आणि मारलेल्या जनावराचा. ठसा सरळ वरून काढा, तिरका काढला की लांब दिसतो. शेजारी सहा इंची पट्टी, नसेल तर काडेपेटी. सकाळच्या तिरप्या उन्हात कडा उठून दिसतात, दुपारी ठसा सपाट होतो. नखं उमटलेली असतील तर बहुधा कुत्रं, तरस किंवा लांडगा. मांजरकुळातल्या जनावराची नखं चालताना आत असतात. फोटो झाला की ठशावर घमेलं पालथं घालून ठेवा, वनरक्षक येईपर्यंत तो टिकतो. मेलेलं जनावर हलवू नका. कानाचा बिल्ला, मानेवरच्या दातांच्या खुणा आणि आजूबाजूची ओढल्याची खूण असे वेगवेगळे फोटो घ्या आणि त्याच दिवशी कळवा. पंचनामा याच गोष्टींवर उभा राहतो.

लळिंग

ट्रॅप कॅमेऱ्याचं (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या) कुणी विचारायच्या आत: जंगलात परवानगीशिवाय लावायचा नाही. स्वतःच्या शेतात लावत असाल तर वाटेपासून तीन-चार मीटर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, तोंड उत्तरेला. पूर्व-पश्चिम ठेवला की सूर्य उगवताना-मावळताना रिकामे फोटो भरतात. समोरचं गवत कापा, ते वाऱ्याने हललं तरी कॅमेरा फोटो काढतो. आणि मेमध्ये दुपारी काहीच मिळालं नाही तर निराश होऊ नका. त्याचा सेन्सर अंगाच्या आणि भोवतालच्या उष्णतेतला फरक पकडतो. जळगावचं ऊन चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेलं की जनावर आणि दगड त्याला सारखेच.

अक्राणीकर

इथे जंगल आणि प्राणी खूप झाले, माणूस कुठेच नाही म्हणून लिहिते.

फेब्रुवारी ते मे आमच्याकडे वणव्यांचे फोटो फिरतात. ‘आदिवासींनी जंगल जाळलं’ अशी ओळ आणि मोहफुलं वेचणाऱ्या बाईचा चेहरा. आग कशी लागते ते आधी समजून घ्या. मोहाची फुलं पहाटे गळतात, पाचोळ्यात दिसत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात आणि वारा असला की ती आग पुढे जाते. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या अंथरल्या, नाहीतर पाचोळा झाडून गोल आळं केलं, तर आग लावायची गरजच राहत नाही. फोटो काढायचाच तर या जाळीचा काढा, वेचणीचा, फुलांच्या वजनाचा. पुढच्या गावाला तो दाखवता येतो. चेहऱ्याचा फोटो दाखवून काय मिळतं? पोलिसांची भीती, आणि पुढच्या वर्षी तुम्हाला पाड्यात कुणी पाणी विचारत नाही.

जळालेल्या क्षेत्राची नोंद ठेवायची तर कडेने चालत, दर शंभर पावलांना एक फोटो, लोकेशनसह. उपग्रहाचे आगीचे इशारे मिळतात, पण त्यांचा एक ठिपका ३७५ मीटरचा. शेतातली काडीकचऱ्याची आगही त्यात येते. कड चालून काढलेले फोटो असले की किती हेक्टर ते कळतं.

नेवाडाच्या (जंगलजमिनीवर कसलेल्या) शेतांचे फोटो काढून ‘अतिक्रमण’ लिहिणाऱ्यांना एकच सांगणं. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख महत्त्वाची. दावा प्रलंबित असलेल्या जमिनीवर आजचा तुमचा फोटो काहीच सिद्ध करत नाही, भांडण मात्र लावतो. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेचा. कॅमेरा घेऊन आलात तर आधी पाटील-कारभाऱ्याला भेटा, काय काढणार आणि कुठे दाखवणार ते सांगा. फोटो झाले की छापून एक संच गावात द्या.

लोकजैवविविधता नोंदवहीसाठी (गावातल्या झाडं-प्राण्यांची गावाने ठेवायची नोंद) फोटोंची फार गरज असते. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याखालच्या गावसमित्या कागदावर सगळीकडे आहेत, नोंदवहीतले फोटो बरेचदा इंटरनेटवरून उचललेले. एका झाडाचे एवढे फोटो द्या: पूर्ण झाड, साल, पानाच्या दोन्ही बाजू, फूल, फळ. अंजनाचं पान जोडीचं असतं, आपट्याच्या पानाशी गफलत होते, म्हणून पानाशेजारी पट्टी हवीच. सालई आणि मोईची साल जवळून काढा, उन्हाळ्यात पान नसतं तेव्हा ओळख सालीवरच. नाव पावरी, भिल्ली, अहिराणी जे बोलतात तेच लिहा, शास्त्रीय नाव तज्ज्ञ घालेल. औषधी उपयोग मात्र सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय ऑनलाइन टाकू नका.

अनेरकर

कायद्याचं थोडक्यात. यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्यं आहेत, तिथे छायाचित्रणाचा परवाना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्यात स्पष्ट आहे की अधिवासात बदल न करता, त्याला किंवा वन्यजीवांना बाधा न आणता. म्हणजे आड येणारी फांदी तोडणं संपलं. आमिष दाखवणं हे कायद्याच्या ‘शिकार’ या व्याख्येतच बसतं, पक्ष्याची अंडी-घरटी विचलित करणंही. ‘आम्ही फक्त फोटो काढत होतो’ हा बचाव होत नाही. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला आहे म्हणून चालतो हाही गैरसमज. नॅनो वर्गाला सूट आहे ती पायलटच्या प्रमाणपत्राची, अभयारण्यात उडवायची नाही. धरणाच्या भिंतीजवळ तर जलसंपदा विभागाला आणि पोलिसांना विचारल्याशिवाय बाहेरच काढू नका.

वाघूरकाठची

अनेरकर दादा, घरट्याच्या मुद्द्याला आपल्या उन्हाचं परिमाण जोडते. मार्च ते मे तापीच्या वाळूच्या बेटांवर नदी सुरय आणि छोटे आर्ली उघड्यावर अंडी घालतात. तुम्ही बेटावर पाय ठेवला की पाखरं उठतात आणि डोक्यावर ओरडत राहतात. ती ओरडत आहेत तोवर अंडी उन्हात आहेत. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंड्यांना गारवा देते, त्यात खंड पडला की काही मिनिटांत आतलं पिल्लू मरतं. थंडीच्या देशांतल्या लोकांनी लिहिलेले ‘वीस मिनिटं थांबा, पक्षी परत येईल’ असले नियम इथे चालत नाहीत. त्या तीन महिन्यांत बेटावर जायचंच नाही. काठावरून पूर्ण बेटाचा एक फोटो घ्या, घरटी किती ते दुर्बिणीतून मोजा. त्या बेटावर कलिंगडाची वाडी लागणार असेल किंवा वाळूचा ठेका निघणार असेल तर तोच फोटो तहसीलला नेता येतो.

आठवडेबाजार

प्रदर्शनाबद्दल कुणीच बोललं नाही. शहरातल्या हॉलमध्ये फोटो लावले की फोटोग्राफरच फोटोग्राफरला भेटतात. सारंगखेड्याची यात्रा, होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, गावचा आठवडे बाजार इथे लावा. बारा बाय अठरा इंची छापायला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साधारण १९ मेगापिक्सेल. मोबाइलचा फोटो असेल तर २०० डीपीआयलाही हातभर अंतरावरून कळत नाही. चकचकीत कागद नको, उन्हात त्यात माणसाला स्वतःचाच चेहरा दिसतो. मॅट घ्या आणि सनबोर्डवर डकवा, मात्र सनबोर्ड दुपारी उन्हात वाकतो, म्हणून मागे दोन लाकडी पट्ट्या ठोका. फ्लेक्स टाळा, निसर्गाच्या प्रदर्शनानंतर प्लास्टिकचा ढीग बरा दिसत नाही. कापडावर छपाई मिळते.

मजकूर दोन ओळींचा, अक्षर बोटाच्या पेराएवढं, आणि अहिराणीत. ‘हाई काय शे?’ एवढंच लिहून खाली पक्ष्याचा फोटो लावला की म्हातारी माणसं थांबतात आणि नाव सांगतात. पाटीखाली वही बांधा, ती नावं आणि ‘आमच्या नाल्यात पूर्वी असायचे’ असली वाक्यं गावाच्या नावासह लिहून घ्या. कधीकधी फोटोपेक्षा ती वही जास्त मोलाची ठरते.

नवशिका_चोपडा

खूप धन्यवाद सगळ्यांना. वाघूरकाठच्या ताई, येत्या सप्टेंबरअखेर गावच्या कुरणापासून सुरू करतो. ती दहा मीटर मोजायची दोरी सुताची चालेल ना?

वाघूरकाठची

सुताची नको. दवात भिजली की आखडते आणि दहाचे पावणेदहा होतात. नायलॉनची घ्या.

गिरणापात्र

नायलॉनची ताणली की लांबते, ताई. सेंट्रिंगवाल्यांकडची बायंडिंग तार घ्या. आखडत नाही, लांबत नाही. दोन्ही टोकांना आकडे करा आणि काठीवर गुंडाळा, हातावर गुंडाळली की पीळ पडून तुटते.